बारा तारखेची रात्र

१

फाइल हरवली बारा जानेवारीला, हे कळलं सव्वीस जानेवारीला, आणि मधले चौदा दिवस तिच्यावाचून कुणाचं काहीही अडलं नव्हतं. फायलींचं असंच असतं. असतात तोवर कुणी विचारत नाही, नाहीशा झाल्या की सगळ्यांच्या जिवाभावाच्या होतात.

शुभांगी भिंगारदिवे ही भिंगारच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई. लंडनहून ती मुंबईला उतरली आणि कानिफनाथच्या जीपमधून थेट शाळेत आली. झेंड्याची दोरी ओढायला दोन मिनिटं होती. राष्ट्रगीत झालं, जिलबी वाटली गेली, आणि एका हातात जिलबी असताना दुसऱ्या हातात लिफाफा पडला.

'प्रभातफेरी शिक्षण प्रसारक मंडळ' असं वर छापलेलं. खाली मजकूर: शिक्षकांच्या सेवाज्येष्ठतेची फाइल आपण दि. १२-१-९६ रोजी दुपारी चार वाजता मंडळाच्या सावेडी कार्यालयातून सही करून नेली. ती परत केली नाही. खुलासा करावा. तोवर आपलं नाव मुख्याध्यापिकापदासाठी विचारात घेतलं जाणार नाही.

शुभांगीनं पत्र वाचलं, उरलेली जिलबी शांतपणे संपवली आणि वडिलांच्या हातात कागद दिला.

"दादा, बारा तारखेला दुपारी चार वाजता मी कुठे होते?"

"लंडनला."

"मग ही सही कुणी केली?"

भीमराज भिंगारदिवे यांनी पत्राला जोडलेली नोंदवहीतल्या सहीची झेरॉक्स पाहिली. अक्षर लेकीचं. वळण लेकीचं. 'भिं'वरचं टिंब जरा लांब फेकायची खोडसुद्धा लेकीचीच.

२

भीमराज एसटीत कंट्रोलर होते. नगरच्या स्टँडवर एकतीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. कुठलं गाव किती किलोमीटर आणि गाडीला किती वेळ, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगत, आणि मुक्कामाच्या गाडीसाठी लोक खरोखरच झोपेत विचारत. विमानात ते कधी बसले नव्हते. त्यांच्या मते विमान म्हणजे मधले थांबे नसलेली गाडी.

नोकरीत त्यांनी एकच साहित्यकृती निर्माण केली. आरक्षणाच्या खिडकीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'रात्री बारानंतरची गाडी ही दुसऱ्या तारखेची गाडी आहे. भांडू नये.' कारण दर महिन्याला कुणीतरी बारा तारखेची, रात्री सव्वाबाराची गाडी पकडायला बारा तारीख पूर्ण मावळल्यावर ट्रंक घेऊन यायचा. गाडी आदल्या रात्रीच गेलेली असायची. मग तो भांडायचा. पाटी वाचून अधिक भांडायचा.

एकोणतीस तारखेला सावेडीच्या कार्यालयात चौकशी बसली. टेबलाच्या मध्यभागी अध्यक्ष श्रीमंतराव. यांना मंडळात फक्त हार मिळत, अधिकार नाही. शेजारी सेक्रेटरी राधाकृष्ण, अतिशय गोड माणूस. त्यांच्याशी बोलल्यावर घरी जाऊन चूळ भरावी लागे. कोपऱ्यात हेडक्लार्क मच्छिंद्र भाऊसाहेब, स्वतःच्याच टंकलेखन यंत्राआड लपून.

शुभांगीनं तिकीट आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ बारा जानेवारी, दोन वाजून तीस मिनिटं. लंडनला पोचण्याची, बारा जानेवारी, सात. पासपोर्टवर जातानाचे शिक्के दोन, मुंबईचा बारा आणि लंडनचाही बारा.

"बघा!" राधाकृष्ण आनंदले. "बाराच! मी तरी दुसरं काय म्हणतोय, बाई? बारा तारखेला रात्री अडीचचं विमान. दुपारी चारला तुम्ही इथे आलात, फाइल नेलीत, संध्याकाळी निघालात. सगळं जुळतंय."

"सर, बारा तारखेचे रात्रीचे अडीच म्हणजे अकरा तारखेची रात्र. आणि लंडनचा शिक्का—"

"तिकडेही बारा आहे, तिकडचं कॅलेंडर मागं असतं. भूगोल तुमचा विषय ना?"

श्रीमंतरावांनी मान डोलावली. ती त्यांची सवय होती, मत नव्हे.

मग साक्षीला पाथर्डीचा कानिफनाथ उभा राहिला. सहा महिने ऊसतोडीच्या टोळ्या आणि उरलेले सहा महिने वऱ्हाडं वाहणारी त्याची जीप होती.

"बाईंना विमानतळावर तुम्ही सोडलंत?" राधाकृष्णांनी विचारलं.

"व्हय. मीच सोडलं. अकरा तारखेला दुपारी एकला निगालो, आठला पोचलो. संगं कंट्रोलर हुते."

"आणि विमान कधी सुटलं?"

"अकरा तारखेला, रातच्या अडीचला."

राधाकृष्णांनी तिकीट उचलून सगळ्यांना दाखवलं. "इथे छापलंय बारा. हा गृहस्थ म्हणतो अकरा. विमान कंपनी खोटी का हा खोटा?"

"म्या कशाला खोटं बोलू? लई गारठा हुता त्या राती—"

"बसा," राधाकृष्ण मायेनं म्हणाले. आणि शुभांगीपुढे एक टाइप केलेला कागद सरकवला. "बाई, वाद वाढवू नका. माफीनामा तयार आहे. 'माझ्या निष्काळजीपणामुळे फाइल गहाळ झाली, मी दिलगीर आहे.' खाली सही करा. नोकरी राहील. मुख्याध्यापिकापदाचं पुढे बघू. आमच्या घरच्या रश्मीवहिनीही शिक्षिकाच, त्या तोवर सांभाळतील. आणि खरं सांगू का, एवढी लांबची झेप घ्यायचीच कशाला? आपली पायरी बघून—"

"सर," शुभांगी उठली. "आमची माणसं छप्पन सालीच पायऱ्या सोडून निघाली. कुणाला विचारून निघाली नव्हती. मी तर तिकीट काढून गेले." तिनं माफीनामा घडी घालून पर्समध्ये टाकला. "हा कागद ठेवते मी. लागेल."

"शनिवारपर्यंत सही हवी," राधाकृष्ण म्हणाले. "नाहीतर निलंबन."

बाहेर आल्यावर कानिफनाथ रडवेला झाला होता. "कंट्रोलर, माज्यामुळं वाटुळं झालं व्हय?"

भीमराजांना कात्रणांची वही आठवली होती. बारा तारखेच्या सकाळी मुंबईहून परतताना त्यांनी स्टँडवर 'दैनिक वेशीवरून' घेतलं होतं. त्यात लेकीचा फोटो होता. खाली छापलं होतं: 'आज दि. १२ रोजी रात्री विमानाने लंडनला प्रयाण.'

लेकीच्या विरोधातला छापील पुरावा त्यांनीच खळ लावून जपून ठेवला होता.

३

"जाळून टाका," शुभांगी म्हणाली.

"न्हाई," भीमराज म्हणाले. मनाला लागलं की त्यांची भाषा खेड्याकडे जायची. "लॉगशीट फाडायचं नसतं. चुकीचं असलं तरी. चूक कुणाची ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं."

आधी त्यांनी विमानाची वेळ तपासायला घेतली. तिकिटाप्रमाणे जाताना अडीचला सुटून सातला पोच, म्हणजे साडेचार तास. येताना लंडनहून सकाळी दहाला सुटून मुंबईला रात्री साडेबाराला, म्हणजे साडेचौदा.

"एकाच रस्त्याला जाताना साडेचार आणि येताना साडेचौदा? वाटेत घाट आहे का?"

"दादा, दोन्हीकडची घड्याळं वेगळी. ते आपल्या साडेपाच तास मागे."

"ते मला पटलं. कमिटीला पटवायचंय. तुझा डेरा आण."

हा डेरा म्हणजे शुभांगीची कीर्ती. भिंगारच्या कुंभाराकडून तिनं मातीचा गोल डेरा घडवून घेतला होता, घेर बरोबर एक मीटर. त्यावर चुन्यानं खंड रंगवले होते. पोरी पृथ्वीवर हात ठेवून भूगोल शिकत. याच डेऱ्याच्या फोटोवरून तिला लंडनच्या शिक्षकांच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं.

भीमराजांनी मुंबईवर दोऱ्याचं टोक धरलं, लंडनवर दुसरं, दोरा ताणून पट्टीवर मोजला. अठरा सेंटिमीटर.

"पृथ्वीचा घेर किती?"

"चाळीस हजार किलोमीटर."

"म्हणजे एका सेंटिमीटरला चारशे. अठराला सात हजार दोनशे." त्यांनी पाठकोऱ्या तिकिटावर भागाकार केला. "साडेचार तासांत गेलं म्हटलं तर ताशी सोळाशे. प्रवासी गाडी आहे, बंदुकीची गोळी न्हाई. आता जाणं-येणं मिळवून निम्मं कर. साडेचार आणि साडेचौदा, एकोणीस. निम्मे साडेनऊ. ताशी साडेसातशे. हां, हे गाडीसारखं वाटतं."

"जाताना समोरून वारा असतो, अर्धा तास जास्त लागतो."

"वारा धरायचा न्हाई. समोरच्याला सवलत द्यायची. सवलत देऊन हरवलं की माणूस परत उठत न्हाई."

तेवढ्यात त्यांचा हात थांबला. साडेनऊ तासांनी लेक त्या रात्री कुठे होती ते सिद्ध होत होतं. पण सही कुणाची, ते अजून डेऱ्याच्या अंधाऱ्या बाजूलाच होतं.

४

मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सेक्रेटरींकडे, एक हेडक्लार्ककडे. अध्यक्षांकडे किल्ली नव्हती.

"मला कोण देतंय किल्ली?" श्रीमंतराव घरी पेरू कापत म्हणाले. "बारा तारखेला सकाळी फाइल मी पाहिली. टेबलावर होती. मग पाथर्डीला लग्नाला गेलो. मुलगी तुमची अमेरिकेहून कधी आली?"

"लंडनहून."

"तेच ते. गेली कधी होती?"

भीमराजांनी पेरूची फोड घेतली आणि अध्यक्षांना मनातल्या मनात निर्दोष सोडलं. जाण्याची तारीखच ज्याला ठाऊक नाही, तो तारीख रचणार कशी? शिवाय सकाळी फाइल अध्यक्षांनी पाहिलेली, म्हणजे खोटी सही बारा तारखेच्या आधीची घालता येत नव्हती. आणि बारानंतर तर बाई परदेशात. सही करणाऱ्याला एकच दिवस मोकळा होता, बारा तारखेची दुपार. अर्थात, बाई तेव्हा गावात आहे असं त्याला वाटत असेल तरच.

उरले किल्लीवाले दोघे.

मच्छिंद्र भाऊसाहेब भिंगारच्या बाजारात भाजी घेताना सापडले. भीमराजांना पाहून त्यांनी मेथीत तोंड घातलं.

"भाऊसाहेब, बारा तारखेला कपाट कुणी उघडलं?"

"मला काही आठवत नाही, कंट्रोलर. दोन पोरींची लग्नं व्हायचीत माझ्या. त्याशिवाय काही आठवतच नाही."

"बरं."

भीमराज चालू लागले. मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, अपराधी आणि हळू. "कंट्रोलर... बाईंना विचारायचं राहिलं. लोणच्याची बरणी फुटली नाही ना विमानात?"

भीमराज जागच्या जागी वळले. अकरा तारखेला दुपारी जीप सुटताना गर्दीतून कुणीतरी कैरीच्या लोणच्याची बरणी आत सरकवली होती. चिंध्यांत बांधलेली. देणारा दिसला नव्हता.

"बरणी तुमची?"

"बाईंनी माझ्या धाकटीला फुकट शिकवलं. तेवढं तरी..." भाऊसाहेबांनी कोथिंबिरीची जुडी उगाच दोनदा झटकली. "पण मी आलो होतो हे सांगू नका कुणाला."

म्हणजे बाई अकरालाच गेली, हे या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्याला खोटी सही करायची असती, तर त्यानं 'बारा, दुपारी चार' हा मुहूर्त जन्मात निवडला नसता.

राहिली एक किल्ली. पण गोड माणसाविरुद्ध लोणच्याचा पुरावा कुठे चालतो?

भीमराज तडक 'दैनिक वेशीवरून'च्या कचेरीत गेले. तिथला मुद्रितशोधक बन्सी हा त्यांचा जुना प्रवासी, सव्वाबाराची गाडी चुकवणाऱ्यांपैकी. पाटी वाचून भांडलेला.

"बन्सी, बारा तारखेची ही शुभेच्छेची बातमी. 'आज रात्री प्रयाण' हे तू घातलंस का?"

"मी कशाला घालू? आमच्याकडे आलं तसं छापतो. शुभेच्छुकाचा मूळ कागद असतो ना खिळ्याला." बन्सीनं भिंतीवरच्या खिळ्यातून कागदांची जुडी काढली आणि एक चिटोरा भीमराजांच्या हातात ठेवला.

भीमराजांनी तो दोनदा वाचला. मग चिटोरा दोन दिवसांसाठी उसना मागितला आणि बदल्यात बन्सीची एकोणीसशे ऐंशी सालची माफी मागून टाकली.

५

शनिवारी, तीन फेब्रुवारीला, कमिटी पुन्हा बसली. शुभांगी डेरा घेऊन आली. कानिफनाथ दाराशी उभा राहिला. त्याला बसायला सांगूनही बसला नाही. मागच्या वेळी बसवलं होतं ते त्याला पुरलं होतं.

"माफीनामा आणलात?" राधाकृष्णांनी विचारलं.

"आणलाय," शुभांगी म्हणाली. "आधी दादांचं ऐका."

भीमराजांनी नोंदवही उघडायला लावली. "बारा तारीख, दुपारी चार. सही करून बाई निघाली असं धरू. नगर ते मुंबई विमानतळ, जीपनं सात तास. किती वाजले, अध्यक्ष?"

"अकरा," श्रीमंतराव म्हणाले. कुणीतरी काहीतरी विचारल्यामुळे ते सावरून बसले.

"आता विमान दारात इंजिन चालू ठेवून उभं आहे असं धरू. तपासणी नाही, रांग नाही, वारा नाही. सगळी सवलत. डेऱ्यावर अंतर सात हजार दोनशे, वेळ साडेनऊ तास. तेरा तारखेचे सकाळचे साडेआठ. त्यातून लंडनचं घड्याळ मागं, सेक्रेटरीसाहेब म्हणाले तसं. पण कॅलेंडर नव्हे, घड्याळ, आणि साडेपाच तासच. किती?"

श्रीमंतरावांनी बोटं मोजली. "तीन. पहाटेचे."

"तारीख?"

"...तेरा."

"आणि पासपोर्टावर लंडनचा शिक्का?"

"बारा," श्रीमंतराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली नाही. "म्हणजे चारला सही करून बारा तारखेला लंडनला पोचताच येत नाही!"

"रस्ताच नाही तसा. पृथ्वी लहान करावी लागेल. त्याला डेरा फोडावा लागतो." भीमराज दाराकडे वळले. "कानिफ, विमान कधी सुटलं?"

"अकरा तारखेला, रातच्या अडीचला," कानिफनाथ ठणकावून म्हणाला. "काय करायचं ते करा."

"खरं आहे. आपल्याकडे दिवस उजाडेपर्यंत रात्र आदल्याच दिवसाची असते. आपण बोलतो तसं कानिफ बोलला. त्यानं विमान डोळ्यांनी पाहिलं आणि तारीख बोलीतली सांगितली. पण कुणीतरी उलटं केलं. तिकिटावर छापलेली बारा वाचली आणि रात्र बोलीतली जोडली. बारा तारखेची रात्र! म्हणजे बारा तारखेला दुपारी बाई गावातच. माझ्या खिडकीवर अशी माणसं दर महिन्याला यायची. ट्रंक घेऊन यायची. हा फाइल घेऊन आला."

"काहीतरी तर्कट," राधाकृष्ण हसले. "सगळ्या गावानं बारा तारखेच्या पेपरात वाचलंय, आज रात्री प्रयाण म्हणून. कुणीही—"

"पेपरात कुणी घातलं?"

राधाकृष्णांचं हसू जागेवरच राहिलं, पण माणूस त्यातून निघून गेला होता.

भीमराजांनी चिटोरा टेबलावर ठेवला. मंडळाच्याच छापील कागदाचा अर्धा तुकडा. 'आज दि. १२ रोजी रात्री विमानाने लंडनला प्रयाण. शुभेच्छुक, राधाकृष्ण.' खाली त्यांची स्वतःची लफ्फेदार सही, अकरा तारखेची. "परवानगीसाठी तिकिटाची झेरॉक्स तुमच्याकडे दिली होती, फक्त तुमच्याकडे. वाचलीत, चुकलात, आणि हौसेनं छापूनही आणलीत. फाइल पळवायच्या आदल्या दिवशी शुभेच्छा! एवढा सभ्य चोर मी एसटीत पाहिला नाही, साहेब."

"किल्ली मच्छिंद्रकडेही आहे!" राधाकृष्ण ओरडले. गोडवा एकदम उतरला. "त्यानं केलं असेल!"

टंकलेखन यंत्राआडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मच्छिंद्र भाऊसाहेब उभे राहिले.

"मी अकरा तारखेला दुपारी बाईंना लोणचं द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "त्या जीपमधून गेल्या, मी पाहिलं. बारा तारखेला दुपारी मला चहा आणायला पाठवलं साहेबांनी. चहा मी कधीच आणत नाही. परत आलो तेव्हा नोंदवही उघडी होती." मग त्यांना वाटलं, एवढं बोललोच आहोत तर. "आणि त्या दिवशी चहाही साहेबांनी प्यायला नाही. गार झाला."

शुभांगीनं पर्समधून माफीनामा काढला, घडी उलगडली आणि राधाकृष्णांपुढे सरकवला.

"मजकूर चांगला आहे, सर. फक्त निष्काळजीपणा खोडून 'खोटेपणा' करा, आणि नाव बदला. भाऊसाहेबांना परत टाइप करायचा त्रास नको."

"एवढ्या खालच्या थराला—"

"तारीख टाका," भीमराज म्हणाले. "आणि रात्री बाराच्या आत टाका. नंतर घोटाळा होतो."

६

फाइल सोमवारी सापडली. कपाटामागे. कपाट भिंतीत पक्कं बसवलेलं होतं, हा तपशील इतिवृत्तात आला नाही. फायलीतल्या पहिल्या पानावर ज्येष्ठतेच्या क्रमानं पहिलं नाव होतं शुभांगी भीमराज भिंगारदिवे. रश्मीवहिनी अकराव्या होत्या. राधाकृष्णांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. आपल्याकडे पकडला गेल्यावर माणसाची प्रकृती फार लवकर बिघडते.

श्रीमंतरावांनी मात्र हळूच सुचवलं, "बाई, झालं गेलं विसरा. गैरसमज होता असं लिहून द्या, म्हणजे मंडळाचं नाव राहील."

"मी लिहिते," शुभांगी म्हणाली.

तिनं नोंदवही मागवली, बारा तारखेची खोटी सही असलेलं पान उघडलं आणि तिच्या बरोबर खाली, शाळेसाठी फाइल नेत असल्याची नवी नोंद केली. सही ठसठशीत. 'भिं'वरचं टिंब नेहमीपेक्षा लांब फेकलेलं. दिनांक ५-२-९६, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. मग क्षणभर थांबून पुढे लिहिलं: 'भारतीय प्रमाणवेळ.'

अध्यक्षांनी ते वाचलं. "याची काय गरज होती?"

"कमिटीसाठी लिहिलंय, सर."

फाटकाबाहेर कानिफनाथ जीप सुरू करून थांबला होता. भीमराजांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, लेक फाइल काखेत मारून पायऱ्या उतरताना पाहिली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं हात वर करून गाडी सोडली.